अफलाटॉक्सिनचं पट्टी-किट: मका, भुईमूग, ढेप, मिरची यांतल्या कशावर भरवसा ठेवावा

अफलाटॉक्सिन हे बुरशीचं विष मालात किती आहे त्याचा आकडा दाखवणारी पट्टी आणि ती वाचणारं यंत्र, म्हणजे रीडर, ही जोडी खान्देशातल्या खरेदीदाराने घ्यावी का? मक्यासाठी घ्यावी. भुईमुगासाठी घ्यावी, पण मोठा नमुना काढून सगळा दळायची तयारी असेल तरच. सरकीच्या ढेपेसाठी आधी किटच्या माहितीपत्रकात सरकीचं नाव छापलंय का ते पाहावं. नंदुरबारच्या मिरचीसाठी घेऊ नये. असं का, ते पुढे सविस्तर आहे.

हा आढावा एका कंपनीच्या डब्याचा नाही. बाजारात मिळणाऱ्या लॅटरल फ्लो (द्रव आपोआप वर चढून रेषा उमटवणाऱ्या) पट्ट्यांची घडण जवळपास सारखीच असते. फरक असतो तो अर्क काढायच्या द्रवात, चालवायच्या तापमानात आणि रीडरमध्ये. खरेदी करताना हेच तीन फरक तपासायचे.

खरिपाचा मका निघतो तेव्हाच परतीचा पाऊस येतो. ओली कणसं ताडपत्रीखाली चार दिवस कोंडली की आत ॲस्परजिलस फ्लेवस ही हिरवट-पिवळी बुरशी धरते. अफलाटॉक्सिन हे तिचंच विष. 25 ते 35 अंशांची ऊब तिला मानवते. पावसाचा ताण बसलेल्या पिकात ती कणीस उभं असतानाच शिरते. त्यामुळे मॉइश्चर मीटरवर 12 टक्के दाखवणारा, छान वाळलेला मकाही विष घेऊन आलेला असू शकतो. ओलावा पुढची वाढ थांबवतो, झालेलं विष काढत नाही. शिजवूनही ते जात नाही. 1974 साली राजस्थानच्या बांसवाडा आणि गुजरातच्या पंचमहाल भागात बुरशी लागलेला मका खाऊन शंभरावर माणसं दगावली. हा मुलूख आपल्यापासून फार लांब नाही आणि तिथल्या लोकांचं मुख्य अन्न तेव्हा मकाच होतं.

मर्यादा लक्षात ठेवायला सोप्या आहेत. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेनुसार धान्य आणि डाळींत एकूण (सगळे प्रकार मिळून) अफलाटॉक्सिन 15 पीपीबी, म्हणजे किलोमागे 15 मायक्रोग्रॅम. शेंगदाणा पुढे प्रक्रियेला जाणार असेल तर 15, थेट खाण्याचा असेल तर 10. मसाल्यांत एकूण 30 आणि त्यात बी1 हा प्रकार 15. दुधात एम1 (गाईच्या पोटात गेलेल्या बी1 पासून बनणारा प्रकार) लिटरमागे सुमारे अर्धा मायक्रोग्रॅम. गुरांच्या तयार खाद्याला भारतीय मानक ब्युरोच्या मानकात बी1 ची मर्यादा 20 पीपीबी आहे. 20 पीपीबी म्हणजे 10 टनांच्या गाडीत मिळून अवघं 0.2 ग्रॅम विष. हे प्रमाण डोक्यात ठेवलं की नमुन्याचा एवढा बाऊ का करतात ते कळतं.

पट्टी वाचायची कशी

पट्टीवर दोन रेषा उमटतात, एक कंट्रोलची (पट्टी नीट चालली हे सांगणारी) आणि एक टेस्टची (विषाचं प्रमाण सांगणारी). इथे सगळं उलटं असतं. टेस्टची रेषा ठळक असेल तर माल चांगला. रेषा जितकी फिकट, तितकं विष जास्त. रेषा उमटलीच नाही तर माल फारच वाईट. गरोदरपणाच्या किंवा कोविडच्या पट्टीची सवय झालेला माणूस हमखास उलटा अर्थ लावतो, म्हणून तपासणीच्या टेबलासमोर हे मोठ्या अक्षरांत लिहून लावावं. कंट्रोलची रेषा आलीच नाही तर ती पट्टी बाद. टेस्टची रेषा कशीही दिसो, निकाल धरायचा नाही.

स्वस्त किटमध्ये रीडर नसतो. ती पट्टी एका ठरलेल्या मर्यादेच्या वर की खाली एवढंच सांगते. ती मर्यादा 20 ची असेल आणि तुमचा खरेदीदार 15 वर माल परत करत असेल, तर 17 चा माल ती निर्धास्त पास करेल. ज्याला रोज दोन-चार गाड्या घ्यायच्या आहेत त्याने रीडरवालंच किट घ्यावं. डोळ्याने वाचलेली फिकट रेषा सकाळच्या उजेडात एक दिसते आणि ट्यूबलाइटखाली दुसरी.

रीडरबद्दल एवढंच ध्यानात ठेवायचं: पट्ट्यांच्या प्रत्येक लॉटची मोजपट्टी वेगळी असते आणि ती डब्यावरच्या कोडमधून रीडरमध्ये भरावी लागते. नवा डबा फोडला आणि जुनाच लॉट चालू राहिला तर आकडा व्यवस्थित दिसतो, पण चुकीचा असतो. मशीन तक्रार करत नाही. ॲप, ब्लूटूथ, छापील पावती ही सगळी हौस.

पैसे आधी दळणावर घाला

विक्रेता रीडर दाखवतो, दळणयंत्राचं नाव काढत नाही. चुकीच्या निकालांचं मोठं मूळ मात्र पट्टीत नसतं. ते नमुन्यात आणि दळणात असतं. विष सगळ्या मालात सारखं पसरलेलं नसतं. हजारो चांगल्या दाण्यांत एखादाच भयंकर दाणा असतो. मक्याच्या एका बाधित दाण्यात 4 लाख पीपीबीपर्यंत, तर शेंगदाण्याच्या एका दाण्यात 10 लाख पीपीबीच्याही वर विष सापडल्याच्या नोंदी आहेत. आता हिशेब करा. मक्याचा दाणा 0.3 ग्रॅमचा धरला तर 4 लाखांच्या त्या एका दाण्यात 120 मायक्रोग्रॅम विष झालं. 5 किलोच्या नमुन्यात तो एकच दाणा असला तरी नमुन्याचा आकडा 24 पीपीबी येतो. अर्ध्या ग्रॅमचा तसला शेंगदाणा 5 किलोंना 100 पीपीबीवर नेतो.

किटमध्ये तोलायचे असतात 10 ग्रॅम, म्हणजे मक्याचे तीस-पस्तीस दाणे. गोणीतून मूठभर मका काढून त्यातले 10 ग्रॅम दळले तर तो दाणा सापडण्याची शक्यता नसल्यातच जमा. पट्टी 'शून्य' दाखवते आणि पुढे कारखान्यावर त्याच गाडीचा आकडा 30 निघतो. मग दोष किटला.

नमुना असा काढा. गाडी गोण्यांची असेल तर परखी (गोणीत खुपसून माल काढायची टोकदार नळी) एकाच थरात न चालवता वर, मधे, खाली आणि चारही कोपऱ्यांतल्या गोण्यांत खुपसा. सुटा माल असेल तर लांब नळी तळापर्यंत घालून निदान सात-आठ ठिकाणांहून माल काढा. गाडी रिकामी होताना पडत्या धारेतून थोड्या थोड्या वेळाने काढलेला नमुना या दोन्हींपेक्षा सरस. सगळा मिळून किमान 5 किलो झाला पाहिजे. शेंगदाण्याला 10 किलो बरे.

मग ते 5 किलो सगळेच्या सगळे भरड दळायचे. इथेच बहुतेकांचा हात आखडतो. भरड नीट कालवून ढीग करा, त्याचे चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन ठेवा आणि दोन बाजूला काढा. अर्धा किलो उरेपर्यंत असं करत राहा. तो अर्धा किलो बारीक दळा. 20 मेशच्या चाळणीतून, म्हणजे साधारण 0.85 मिमीच्या छिद्रांतून, जवळपास सगळं पीठ जायला हवं. हाताला बारीक रव्यासारखं लागतं. चाळणीवर राहिलेले टरफलाचे तुकडे फेकू नका, पुन्हा दळून त्यातच मिसळा. विष टरफलाच्या आणि अंकुराच्या भागात जास्त असू शकतं.

घरगुती मिक्सर मक्याला थोडा वेळ चालतो, पण रोजच्या कामाला टिकत नाही आणि भांडं तापतं. शेंगदाण्याचं त्यात लोणी होतं. दाणे चार-चार सेकंदांच्या झटक्यांत फिरवा आणि मधे भांडं उघडून खरवडा. दोन नमुन्यांच्या मधे यंत्र नुसतं झटकून भागत नाही. पुढच्या नमुन्यातला मूठभर माल आधी दळून टाकून द्यायचा, मग खरा नमुना घ्यायचा. खराब गाडीनंतर लगेच आलेली चांगली गाडी वर चढलेली दिसली, तर पहिला संशय यंत्रात अडकलेल्या पिठावर घ्यावा. दळताना तोंडाला मास्क हवाच, ही धूळ छातीत जाऊ देण्यासारखी नाही.

अर्क आणि पट्टी

माहितीपत्रकात दिलेलं प्रमाण अक्षरशः पाळा. बऱ्याच किटमध्ये ते असं असतं: 10 ग्रॅम पीठ, 50 मिली 70 टक्के मिथेनॉल, झाकण लावून तीन मिनिटं जोरात हलवायचं, थोडा वेळ बसू द्यायचं, वरचा द्रव गाळणकागदातून गाळायचा, किटच्या बफरमध्ये पातळ करायचा, 100 मायक्रोलिटर पट्टीवर सोडायचा आणि पाच-सहा मिनिटांनी रीडरमध्ये घालायचा. दळण सोडलं तर सगळं काम पाव तासाचं. काही किट 65 टक्के इथेनॉलवर चालतात, काही निव्वळ पाण्यावर. मिथेनॉल विषारी आणि ज्वालाग्राही आहे, ते आणायला आणि साठवायला परवान्याची कटकट असते. पाण्यावर चालणारं किट त्यामुळे सोयीचं वाटतं आणि साध्या मक्यावर ते चालतंही. पण मातीवर्गातला टॉक्सिन बाइंडर मिसळलेलं तयार पशुखाद्य असेल तर बाइंडर विषाला धरून ठेवतो आणि पाण्याच्या अर्कात आकडा कमी येऊ शकतो. खाद्याच्या कारखान्याने म्हणून बाइंडर पडायच्या आधीचा कच्चा माल तपासावा.

70 टक्के करताना 70 मिली मिथेनॉल आणि 30 मिली पाणी वेगवेगळं मोजून मिसळायचं. पाणी डिस्टिल्ड. बोअरचं नाही, आणि 'आरओचंच आहे' म्हणून कॅनमधलंही नाही. बाटलीचं झाकण उघडं राहिलं तर मिथेनॉल उडून जातं आणि द्रव हळूहळू पाणचट होतो. मे महिन्यात हे फार पटकन घडतं, तेव्हा एका दिवसापुरताच द्रव बनवावा.

पट्टीवरचा द्रव मधेच अडला तर बहुतेक वेळा गाळणं फसलेलं असतं, किंवा शेंगदाण्याचं तेल आलेलं असतं. अशी पट्टी टोचून, हलवून सुधारत नाही. अर्क पुन्हा गाळा, नवी पट्टी घ्या. वेळ गाठण्यातही ढिलाई नको. सहा मिनिटांची पट्टी पंधरा मिनिटांनी वाचली तर टेस्टची रेषा आणखी ठळक झालेली असते आणि आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी दिसतो. गाडीवाल्याशी बोलत उभं राहणाऱ्याच्या हातून हे हमखास होतं.

रीडरने '0' दाखवलं तर विष नाही असं समजू नये. किटच्या खालच्या मर्यादेपेक्षा कमी आहे, एवढाच त्याचा अर्थ. वरच्या टोकाला पट्टीची मर्यादा ओलांडली असेल तर अर्क सांगितल्याप्रमाणे आणखी पातळ करून पुन्हा चालवायचा आणि आलेल्या आकड्याला तेवढ्या पटीने गुणायचं. हा गुणाकार करायचं विसरलं जातं, म्हणून वहीत 'किती पट' हा वेगळा रकाना ठेवा.

उन्हाळा

भुसावळ-जळगावचा एप्रिल-मे या किटसाठी खरी परीक्षा आहे. पुष्कळ पट्ट्या साधारण 18 ते 30 अंशांत चालवायच्या असतात. आपल्याकडे पत्र्याच्या गोदामात दुपारी पारा चाळिशी सहज ओलांडतो. उष्णतेत द्रव पट्टीवर भराभर चढतो, रंग धरण्याचा वेग बदलतो आणि आकडा सरकतो. रब्बी मक्याची मोठी आवक नेमकी याच दिवसांत असते. यावर दोन उपाय आहेत. तपासणी एसीच्या खोलीत करा, नाहीतर असं किट घ्या ज्यात पट्टी ठरावीक तापमानाच्या छोट्या हीटिंग ब्लॉकमध्ये ठेवून चालवतात. 45 अंशांवर चालणारा ब्लॉक असेल तर खोलीतल्या 38 अंशांचा त्याला फारसा उपद्रव नाही. विजेची सोय मात्र लागते, लोडशेडिंगला छोटा इन्व्हर्टर हवा. आमच्या मते खान्देशात ब्लॉकवालं किट थोडं महाग पडलं तरी परवडतं.

साठवण हा वेगळा मुद्दा. फ्रिजमधून काढलेला डबा लगेच उघडला की पट्टीवर दव धरतं. पाकीट बंद ठेवून अर्धा तास खोलीत राहू द्या, मग फोडा. आणि विक्रेत्याला स्पष्ट विचारा की डबा मुंबई-पुण्याहून कसा आला. ट्रॅव्हल्सच्या डिकीत आठ तास भाजलेल्या पट्ट्यांवर कंट्रोलची रेषा येतेही, पण टेस्टची रेषा मूळचीच फिकी पडलेली असते आणि चांगला माल नापास होतो.

हे पकडायचा साधा मार्ग म्हणजे रोजचा ओळखीचा नमुना. साधारण 10 ते 20 पीपीबी असलेला मका एकदाच बारीक दळून, नीट कालवून, लॅबमधून तपासून घ्या. त्याच्या लहान पुड्या बांधून फ्रीजरमध्ये ठेवा. रोज सकाळी पहिली पट्टी त्यावर चालवा. लॅबने 14 सांगितला आणि पट्टी 25 किंवा 6 दाखवत असेल तर त्या दिवशी गाड्या अडवू नका आणि सोडूही नका, आधी किटचं काय बिघडलं ते पाहा. म्हणजे 25 पट्ट्यांच्या डब्यात 25 गाड्या होत नाहीत. रोजची एक ओळखीच्या नमुन्याला, काही फेरतपासणीला आणि एखाद-दुसरी वाया, हे धरून दर तपासणीमागचा खर्च काढा. विक्रेता डब्याची किंमत नुसती 25 ने भागून दाखवतो.

15 च्या मर्यादेवर पट्टीचे 13 आणि 17 हे एकच समजावेत, तेवढा बारीक भेद तिला करता येत नाही. आम्ही असं सुचवू: 10 च्या आत आला तर माल घ्या, 10 ते 20 मधे आला तर गाडीतून नवा नमुना काढून पुन्हा करा, 20 च्या वर आला तर थांबवा. फेरतपासणी म्हणजे त्याच अर्कावर दुसरी पट्टी नव्हे. नमुनाच नवा हवा.

मका सोडून बाकीचा माल

सरकीच्या ढेपेचा अर्क गडद येतो आणि रेषेच्या मागची जमीनच पिवळट-तपकिरी होते. सरकीसाठी पडताळलेलं किट असेल तर त्यात बहुधा जास्त पातळ करायची वेगळी कृती दिलेली असते. मक्याची कृती ढेपेवर चालवू नका. मुरघास आंबट असतो. त्याचा अर्क तसाच पट्टीवर टाकला तर प्रतिक्रिया बिघडते, आधी आंबटपणा मारून पीएच 7 च्या आसपास आणावा लागतो.

मिरचीचं दुखणं जास्त खोल आहे. नंदुरबारला पथारीवर वाळणाऱ्या मिरचीवर अवकाळीची एक सर पडली तरी देठाकडून पाणी आत जातं आणि बुरशी फळाच्या पोकळीत धरते. वरून लालभडक मिरची फोडली की आत राखाडी बुरा. तपासायला हवीच, पण तिचा लाल रंग पट्टीवर सरळ चढतो. रंग टाळायला अर्क फार पातळ केला तर बारीक प्रमाण सुटतं. युरोपला जाणाऱ्या मालाला तर एकूण 10 आणि बी1 5 एवढीच मुभा आहे, तिथे ही पट्टी काय सांगणार! शिवाय 10 ग्रॅम मिरचीपूड 50 मिली द्रव पिऊन लगदा होऊन बसते, गाळायला काही उरतच नाही. मिरचीला इम्युनोॲफिनिटी कॉलममधून (फक्त हे विष धरून ठेवणाऱ्या नळीतून) अर्क स्वच्छ करून एचपीएलसी या अचूक मोजणाऱ्या यंत्रावर घालायची लॅबचीच वाट बरी.

काळी पडलेली खरीप ज्वारी या किटवर बरेचदा स्वच्छ निघते. तो काळेपणा बहुतांशी दुसऱ्याच बुरशांचा असतो. मक्याच्या कणसावरच्या गुलाबी बुरशीचंही तसंच, ती फ्युमोनिसिन हे वेगळं विष करते आणि अफलाटॉक्सिनची पट्टी त्याला आंधळी असते. कोंबड्यांना त्रास होतोय आणि पट्टी साफ आहे, असं नवापूरच्या एखाद्या पोल्ट्रीवाल्याला दिसलं तर त्याने फ्युमोनिसिनची पट्टी वेगळी मागवावी.

काळ्या दिव्याखाली, म्हणजे 365 नॅनोमीटरच्या यूव्हीत, मका धरून हिरवट-पिवळी चमक शोधायची जुनी युक्ती अजून चालते. चमक बुरशीच्या दुसऱ्या एका द्रव्याची असते, विषाची नव्हे. संशयित गोणी वेगळी काढायला ठीक आहे. पास-नापास त्यावर ठरवू नका.

दूध संकलन केंद्रांना एम1 ची वेगळी पट्टी मिळते. तीत दळण नाही, अर्क नाही, दूध थेट घालायचं. त्यामुळे वापरायला ती या सगळ्यांत सोपी. तिला जोड ढेपेच्या तपासणीची हवी. गाईने दिवसाला 200 पीपीबीची 3 किलो ढेप खाल्ली तर पोटात 600 मायक्रोग्रॅम बी1 गेलं. त्यातला ढोबळमानाने 1 ते 2 टक्के भाग एम1 होऊन दुधात उतरतो. 10 लिटरच्या गाईच्या दुधात लिटरमागे 0.6 ते 1.2 मायक्रोग्रॅम, म्हणजे मर्यादेच्या वर. ढेप बदलली की तीन-चार दिवसांत दूध पूर्वपदावर येतं, म्हणून दूध नापास झालं की आधी गव्हाणीत काय पडतंय ते विचारावं.

भांडण तुटायचं असेल, म्हणजे कारखाना म्हणतो 28 आणि तुमची पट्टी म्हणते 9, तर एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या लॅबचा एचपीएलसी किंवा एलसी-एमएस या यंत्रावरचा अहवालच चालतो. त्या अर्धा किलो बारीक पिठाचे तीन सीलबंद भाग आधीच करून ठेवावेत: एक तुमचा, एक समोरच्याचा, एक लॅबचा. दाणे पाठवू नका, पीठ पाठवा. नाहीतर तिघांच्या हातात तीन वेगळे माल जातात आणि वाद तिथेच राहतो. लॅबच्या फॉर्मवर 'एकूण अफलाटॉक्सिन आणि बी1 वेगवेगळे' असं लिहून मागा. नुसतं 'अफलाटॉक्सिन' लिहिलं तर कोणता आकडा मिळाला यावरून पुन्हा वाद होतो.

वापरलेली भांडी, पट्ट्या आणि पिपेटची टोकं ब्लीचच्या पाण्यात भिजवून मग धुवा किंवा टाका. उरलेलं मिथेनॉल मोरीत ओतू नका. तपासून राहिलेलं भरड पीठ गोदामातल्या कोंबड्यांपुढे किंवा गुरांपुढे टाकू नका, विशेषतः नापास गाडीचं.